दुधाच्या कॅनमधली बियर आणि माझं नाक

१० जाने. ८८, रवि. धुळे

सकाळी दिलीप आला. सुनंदाचा धाकटा भाऊ, बोटीवर फिटर, दहा महिन्यांनी जमिनीवर. मायला शाल, सु.ला सेंटची बाटली, मला पत्र्याचा एक डबा. वाटलं बिस्किटं असतील. उघडला तर काकवीसारखा काळा घट्ट पाक, झाकणाखाली यीस्टची पुडी आणि घडी घातलेला इंग्रजी कागद. घरच्या घरी बियर करायचं सामान म्हणे. तिकडे लोक न्हाणीघरात करतात.

म्हटलं, बाबा, मी पीत नाही, तुला माहीत आहे. तर म्हणाला, "प्यायची कुठे दाजी, नुसती करायची. प्यायला मी आहे." सात फेब्रुवारीला तो परत निघणार, तोवर तयार होते. मग सगळ्यांच्या देखत पुढचं: कागदात लिहिलंय, बिघडली की नाही हे शेवटी वासावरूनच कळतं, आणि दाजींसारखं नाक अख्ख्या धुळ्यात नाही.

सु.ची मान अशी ताठ झाली की मला नाही म्हणायची सोय उरली नाही.

नाकाचं इथे तरी खरं लिहितो. दिवाळीत ताप आला होता, तेव्हापासून वास येत नाही. कशाचाच नाही. अडीच महिने झाले. डॉक्टर सोडून कोणाला बोललो नाही. मी डेअरीच्या डॉकवर, म्हणजे दूध उतरवून घेतात तिथे, ग्रेडर. सोळा वर्षं हेच काम. कॅनचं झाकण उघडलं की वाकायचं, एक श्वास घ्यायचा, 'पास' नाहीतर 'आंबट'. दुसरं काही मला येत नाही.

११ जाने., सोम.

कागद नीट वाचला. भांडं तेवीस लिटरचं, काचेचं हवं, म्हणजे आत काय चाललंय ते दिसतं. वर पातळ पांढरी साय धरली तर बिघडली समजा. साय दिसली की ज्याचा जीव सुखावतो त्याला हे सांगतायत.

घरात तेवीस लिटरची काच कुठली. कॅन आहे, दुधाचा, चाळीस लिटरचा, डेअरीच्या लिलावातला, एका बाजूला पोचा आलेला. माय त्यात ज्वारी ठेवते. ज्वारी गोणीत काढली. कॅन सोड्याने घासला, उकळत्या पाण्याने तीनदा विसळला. पाक, साखर, पाणी, यीस्ट. झाकणाला एक भोक होतंच, त्यात सलाइनची नवी नळी मेणाने बसवली, तिचं दुसरं टोक पाण्याच्या बाटलीत. आतली हवा बाहेर जाईल, बाहेरची आत जाणार नाही. कॅन स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, वर जुनी सतरंजी.

मायने विचारलं, "हाई काय शे?"

म्हटलं, डेअरीचं काम आहे. प्रयोग.

पंचशीलातलं पाचवं दारूचं, चौथं खोटं बोलण्याचं. पाचवं मी मोडलेलं नाही. पिणार नाही असं त्यात आहे, करणार नाही असं नाही, निदान मी तरी तसं धरून चाललोय. पण ते झाकायला चौथं मोडलं, तेही भगवान बुद्धांच्या फोटोखाली उभं राहून.

१२ जाने., मंगळ.

संध्याकाळी आलो तर बाटलीत बुडबुडे. ग्लुक. मग दहा-बारा सेकंदांनी ग्लुक. सु. पोळ्या लाटता लाटता मोजत होती. माय म्हणाली, "हाऊ डबा बोलस." आणि ज्वारी निवडायला बसली.

वाकलो, नळीशी नाक नेलं. शून्य.

हे मी का करतोय, ते इथे मांडून ठेवतो. एक, सु.ची मान. दोन, हा कॅन माझी खासगी परीक्षा आहे. डॉकवर वास घ्यायला गेलो तर मागे लाइन असते, सगळे तोंडाकडे बघतात. इथे कोणी बघत नाही. ज्या दिवशी या कॅनचा वास येईल त्या दिवशी नाक परत आलं. जिभेला लावून बघणार नाही. बापाच्या पिण्यापायी मायने जे काढलंय ते मी पाहिलंय.

१३ जाने., बुध.

डॉकवर ठीक. म्हणजे सोमाभाऊमुळे ठीक. तो कॅन उघडून देतो, ओततो, धुतो. माझ्याही आधीपासून तिथे आहे. दूध आंबट असलं की त्याची डावी भुवई वर जाते. त्याला स्वतःलाही हे ठाऊक नसावं. अडीच महिने मी दुधाकडे नाही, त्या भुवईकडे बघतोय. आज १६० कॅन, भुवई चारदा. चारही 'आंबट'. लॅबचा रिपोर्टही तोच. साहेब लोक म्हणतात, यांना लॅबची गरजच नाही.

मार्चअखेर सोमाभाऊ निवृत्त होतोय. निरोप समारंभाची वर्गणी मीच जमा करतोय.

१५ जाने., शुक्र.

घरमालक आप्पा वर आले. म्हणे तुमचा नळ गळतो, खाली आवाज येतो. मी नळ दाखवला, कोरडा. ते कान लावून उभे. ग्लुक. म्हणाले, भिंतीत गळतोय, हे जास्त वाईट. उद्या नळवाला पाठवतो.

सु. पदर तोंडाला लावून आत गेली. घरात दारू गाळायला परवाना लागतो आणि आप्पांचा जावई पोलिसात आहे.

१६ जाने., शनि.

नळवाल्याने मोरीतली भिंत हातभर फोडली. काही नाही. सिमेंट भरून गेला. आप्पांचं समाधान झालं, आवाज कमी झाला म्हणाले. खरंच कमी झालाय. बुडबुडा आता अर्ध्या मिनिटाला एक.

पण का कमी झाला? होत आली म्हणून, की बिघडली म्हणून? काच असती तर बघितलं असतं. झाकण उघडून बॅटरी मारली. फेस. फेसाखाली अंधार. सायीसारखं काही आहे की फेसच, कळेना.

१७ जाने., रवि.

आज भरीत होतं. मी पेपर वाचत होतो, आतून चुलीवर काही ठेवल्याचा आवाज आला. म्हटलं आपण होऊन बोलावं, शंका नको. ओरडून म्हणालो, वा, काय वास सुटलाय वांग्यांचा.

सु. दारात आली. हातात वांगी, कच्ची. चुलीवर आंघोळीचं पाणी होतं.

 जेवताना दोनदा माझ्याकडे टक लावून बघितलं. भरीत मऊ लागलं, तिखट लागलं, मीठ बरोबर. एवढंच.

१८ जाने., सोम.

जाताना कॅनमधलं थोडं औषधाच्या बाटलीत घेतलं, आमच्या लॅबमध्ये नेलं. दुपारी लॅबमध्ये कोणी नसतं. दुधाचा दाटपणा मोजायचा लॅक्टोमीटर सोडला. पहिल्या दिवशी घरी बघितलं तेव्हा ४० च्या वर होता. आज १२, म्हणजे यीस्टने साखर खाल्ली. दूध असतं तर घालणाऱ्याला म्हटलं असतं, यात दूध कुठे आहे ते दाखव.

मग निळ्या रंगाची टेस्ट. दुधात निळा थेंब टाकून कोमट पाण्यात ठेवायचा. निळा पाच तास टिकला तर दूध उत्तम, अर्ध्या तासात उडाला तर टाकाऊ. माझा निळा मी घड्याळाकडे बघेपर्यंत उडाला.  बाहेर येऊन दोन कप चहा प्यायल्यावर उजेड पडला. आत यीस्ट जिवंत आहे, जिवंत काहीही असलं तरी निळा उडणारच. या टेस्टने एवढंच कळलं की कॅनमध्ये कोणीतरी राहतंय.

आम्लता काढली, ०.२२. दुधाची ०.१७ च्या वर गेली की आम्ही परत करतो. बियरची किती असावी? कागदात नाही. विचारणार कोणाला?

१९ जाने., मंगळ.

वाईट दिवस. लिहायलाही नको वाटतंय.

सोनगीरची अक्का पहिल्या बसने स्वतःचा कॅन आणते. दोन म्हशी, नवरा नाही. आठ वर्षांत तिचं दूध एकदाही परत गेलं नव्हतं. आज झाकण उघडलं, मी वाकलो, भुवई वर गेली. म्हणालो, आंबट.

अक्का तिथेच उभी. भांडली नाही. "सायेब, वास लिधा ना बराबर? पहाटनं दूध शे."

मी म्हटलं, घेतला.

कॅन डोक्यावर घेऊन गेली. नंतर सोमाभाऊ हातपाय धुताना सहज म्हणाला, "डोयावर माशी बसेल व्हती मन्हा, हात भरेल व्हता." म्हणजे भुवई माशी उडवायला वर गेली होती.

चौथं पुन्हा मोडलं. या वेळी नुसतं मोडलं नाही, एका बाईच्या डोक्यावर ठेवून दिलं.

२० जाने., बुध.

अक्का आली नाही.

वरून पत्र आलंय. सगळ्या ग्रेडरांची परीक्षा. ८ फेब्रुवारी, सकाळी साडेनऊ, साहेब बाहेरून येणार. काळ्या कागदात गुंडाळलेल्या पाच बाटल्या, बूच काढून वास घ्यायचा, लिहून द्यायचं. चाखायचं नाही, हलवायचं नाही. खोलीत ग्रेडर आणि साहेब, तिसरं कोणी नाही. नापास झाला त्याची बदली, कुठे ते लिहिलेलं नाही.

म्हणजे सोमाभाऊ बाहेर, भुवई बाहेर.

सु. म्हणाली, तुम्हाला कसली परीक्षा, तुम्हीच त्यांची घ्या.

२२ जाने., शुक्र.

डॉक्टरांकडे गेलो. नाकात बॅटरी घालून बघितलं, वाटेत काही अडकलेलं नाही. म्हणाले, येईल तर येईल. महिना लागेल, वर्ष लागेल. परत येताना आधी उलटसुलट वास येतात, साबणाला रॉकेलचा येतो, काहीच नसताना जळका येतो. म्हणजे वास आला तरी खरा मानायचा नाही, असं का, असं विचारलं. ते म्हणाले, दुसऱ्या कोणाला विचारून खात्री करून घ्यायची.

घरी येऊन हिंगाची डबी, रॉकेलचा स्टोव्ह, दिलीपने दिलेली सेंटची बाटली, तिन्हींशी नाक लावलं. काही नाही. सेंट मात्र मिशीला लागला. संध्याकाळी सु. खुशीत होती, मी मुद्दाम लावला असं तिला वाटलं. मी कुठे नाही म्हणालो.

२४ जाने., रवि.

बसने सोनगीरला गेलो. सु.ला सांगितलं, किल्ला बघायला. सोळा वर्षांत एकदाही चढलो नाही, आजही नाही चढलो.

अक्का गोठ्यात होती. मला बघून घोंगडी टाकली, पाणी दिलं, वाटीत दही आणून ठेवलं. "तुम्ही आंबट सांगं, मंग मी आंबटच करी टाकं." परत नेलेल्या दुधाचं विरजण, त्यावरच रोज नवं दही. दही गोड, खापरासारखं घट्ट. जीभ शाबूत आहे माझी, आणि ती सांगत होती की नासक्या दुधाच्या विरजणाचं असं दही लागत नाही.

म्हटलं, अक्का, चूक माझी झाली. ती म्हणाली, दुधाची नव्हती ना, मग झालं. उद्यापासून येते. का चुकलं हे विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. 

ठरवलं. आठ तारखेला वास आला नाही तर नाही असंच लिहायचं.

२६ जाने., मंगळ.

झेंडावंदन करून आलो. झाकण उघडलं. फेस बसलाय. वर काहीतरी पांढुरकं, कडेला. यीस्ट की साय? सु.ला दाखवलं, तिला दुधावर येते तशी वाटली. मग म्हणाली, चांगलं आहे ना?

बुडबुडे जवळजवळ बंद. पुन्हा उघडलं, पुन्हा बघितलं. मागून माय: "लोनचानी बरनी सारखी उघाडशी ते बुरशी येईच."

बरोबर आहे तिचं. बघण्यानेच बिघडायची. झाकलं.

२८ जाने., गुरु.

नानांना सांगितलं. नाना म्हणजे आमचे डॉक सुपरवायझर, तीस वर्षांची नोकरी, करारी माणूस. केबिनचं दार लावून म्हटलं, नाना, मला दिवाळीपासून वास येत नाही.

त्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला. म्हणाले, "मला लॅक्टोमीटरचे आकडे दिसत नाहीत. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. सोमा वाचून सांगतो."

दोघांनी खिडकीतून बाहेर बघितलं. सोमाभाऊ कॅन पालथा करत होता, विडी कानावर. मला आधी हसू आलं, मग नानांना. या डॉकवर रोज दीडशे कॅन दूध घेतलं जातं ते एकट्या सोमाभाऊच्या हिमतीवर, आणि त्याच्या पगाराच्या पावतीवर 'मजूर' लिहिलेलं असतं.

नाना म्हणाले, आठ तारखेला खरं बोलायचं तर बोल, मी अडवणार नाही. माझ्या डोळ्यांचा विषय मात्र काढू नको. उन्हाळ्यात ऑपरेशन करून घेणार आहेत.

३१ जाने., रवि.

सकाळी स्वयंपाकघरात कॅनच्या नळीशी वाकून बसलो होतो. माय भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "दिवाळीपाईन माले ठाऊक शे."

म्हटलं, काय?

"पंधरा दिन वरनमा हिंगच नही टाका. तरी तू म्हनस, वरन मस्त शे."

आणि कॅनचं? तेही. पहिल्याच दिवशी. "तुना बापना तोंडना वास मी गल्लीना कोपरापाईन वळखू. माले डेअरीना प्रयोग सांगस का?" मग का नाही बोललीस, म्हटलं. तर म्हणाली, तू पीत नव्हतास, नुसता हुंगत होतास. रोज हुंगून तोंड पाडून उठत होतास. त्यावर काय बोलायचं.

मला रडू आलं. बेचाळीस वर्षांचा माणूस, बियरच्या कॅनला टेकून. सु. दारात उभी होती. तिला भरताच्या दिवशीच कळलं होतं म्हणे. म्हणजे घरात सगळ्यांना माहीत होतं आणि मी एकटा चोरासारखा वावरत होतो.

माय हात पुसून आली. "वास लेवामा काय पाप शे?" वाकली, नळीशी नाक धरलं, डोळे मिटले. "आज बरं शे. भिजेल भाकरना वास येस, आंबट नही."

तीन आठवडे लॅक्टोमीटर, निळा रंग, आम्लता, बॅटरी. ते सगळं एका श्वासात.

३ फेब्रु., बुध.

डॉकवर सोमाभाऊला सहज विचारल्यासारखं विचारलं, लिलावातला जुना कॅन धान्याला वापरायचा तर धुवायचा कसा. तो म्हणाला सोडा, मग गरम पाणी. म्हटलं तेच केलं. मग म्हणाला, "झाकनना रबर काढेल व्हतं ना?"

रबर?

झाकणाच्या आतल्या खाचेत रबराची गोल पट्टी असते. ती सुरीने उचकटून काढायची, तिच्या मागे किती वर्षांचं दूध बसलेलं असतं. मी सोळा वर्षं डेअरीत आहे आणि आयुष्यात एकही कॅन धुतलेला नाही. तो सोमाभाऊच्या खात्याचा विषय.

म्हणजे तीन आठवडे बियरच्या डोक्यावर दह्याचं विरजण लावून ठेवलंय मी.

घरी आल्यावर झाकण उघडायचा धीर झाला नाही. मायला नळीचा वास घे म्हटलं. ती म्हणाली, सर्दी झालीय, आज नाही.

४ फेब्रु., गुरु.

मायची सर्दी तशीच. सु. म्हणते मला बियरचा वास कसा असतो तेच माहीत नाही, मी काय सांगू.

परीक्षेला चार दिवस. अक्का रोज येतेय. तिचा कॅन उघडला की मी भुवईकडे बघत नाही, सरळ पास म्हणतो. हेही ग्रेडिंग नव्हेच.

६ फेब्रु., शनि.

मायचं नाक मोकळं झालं. पण नळीशी बसत नाही. म्हणाली, उद्या दिलीपसमोर एकदाच उघड, सारखं नको.

आज पहाटे आंघोळीच्या वेळी क्षणभर साबणाचा वास आल्यासारखं वाटलं. पुन्हा हुंगला, नाही. स्वप्नातला असेल. सु.ला सांगितलं नाही, आशा लावायची नाही कोणाला.

७ फेब्रु., रवि.

दिलीप अकराला आला, सामान घेऊनच, तीनची गाडी. चार रिकाम्या बाटल्या धुऊन आणलेल्या.

कॅन मोरीजवळ ओढला. सतरंजी काढली. झाकण उचकटलं. मी सगळ्यात आधी वाकलो, सवयीने.

आणि आला. नाकातून वर, डोळ्यांपर्यंत. तीक्ष्ण, आंबट. लोणच्याच्या सिरक्याचा असतो तसा. डोळ्यांतून पाणी आलं. साडेतीन महिन्यांत पहिला वास, आणि तो बिघाडाचा. मला इतका आनंद झाला की कॅनला मिठी मारावीशी वाटली. रबरामागच्या त्या जुन्या दुधाला हात जोडावेसे वाटले.

दिलीपने पेला बुडवला, अर्धा घटाघटा प्यायला. म्हणाला, "वाईट नाही हो दाजी. फस्क्लास आहे." पण त्याचं काय धरायचं, बोटीवर काय काय पितो त्याने स्वतःच सांगितलंय. सु.ने हुंगलं. तिला पावासारखा वाटला. मग माझं तोंड बघून म्हणाली, थोडा आंबटही असेल, मला सर्दी होतेयसं वाटतंय.

डॉक्टरांचं आठवलं. काहीच नसताना येतो.

म्हणजे बियर बिघडली असेल तर माझं नाक आलं. बियर चांगली असेल तर आलेलं नाही, डोकं खेळ करतंय. मी मनात म्हणत होतो, बिघडलेलीच असू दे. दिलीप महिनाभर वाट बघून आलाय आणि मी हे म्हणत होतो.

मायकडे बघितलं. ती भिंतीला टेकून उभी होती. म्हणाली, "तुले काय वास येस, ते पयले तू सांग."

"आंबट," म्हटलं. "सिरक्यासारखा."

ती वाकली. गुडघ्यावर हात ठेवून, बराच वेळ. उठली, पदराने नाक पुसलं, माझ्याकडे बघितलं.

"आंबटच शे," म्हणाली. "फेकी दे."

ओतली मोरीत. सगळी. दिलीप हळहळत होता, तोवर त्याने चार बाटल्या भरून घेतल्या होत्या. जाताना म्हणाला, बोटीवर उघडतो, मुंबईहून पत्र टाकतो कशी निघाली ते. म्हटलं टाक. रबर काढून बघितलं, मागे पिवळट थर होता खरा. तो किती जुना, कोण सांगणार. आम्लता काढली नाही. लॅबमध्ये नेण्यासाठी थोडी ठेवावी असंही मनात आलं होतं, ठेवली नाही.

सु. फिरून फिरून विचारतेय, आता कांद्याचा येतोय का, आता उदबत्तीचा. अजून दुसरा कशाचा आलेला नाही. येईल.

उद्या साडेनऊला पाच बाटल्या. आला तर लिहायचा, नाही आला तर 'नाही आला' असं लिहायचं. ते ठरलेलं आहे. नानांनी निरोप पाठवलाय, केसांना तेल लावून येऊ नको.

आता चार वाजलेत. माय आत फोटोपुढे बसून पंचशील म्हणतेय. सकाळी एकदा म्हणून झालं होतं. दिवसातून दोनदा ती कधी म्हणत नाही. चौथ्यापाशी, खोटं न बोलण्याच्या, तिचा आवाज जरा थांबला, की मलाच तसं वाटलं. विचारायला म्हणून उठलो होतो. दारापर्यंत जाऊन परत येऊन बसलो.